खोका उघडावा की जपावा : एका जुन्या जर्मन रेल्वे स्टेशन किटचे परीक्षण

भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या माणसाला स्टेशनचे अप्रूप वाटण्याचे खरे तर कारण नाही. वडील लोको शेडमध्ये होते, खिडकीतून यार्डातले शंटिंग दिसायचे आणि रात्री वाघिणी एकमेकींवर आदळल्याच्या आवाजाने आमची झोप मोडण्याऐवजी लागत असे. असे असूनही गेल्या वर्षी एप्रिलमध्ये भाच्याने जर्मनीहून येताना एका भल्यामोठ्या स्टेशनचे जुने मॉडेल किट आणले, तेव्हा मी ते दोन दिवस नुसते टेबलावर ठेवून बघत बसलो होतो. त्या किटची खरेदी, जुळणी आणि त्याचे गुणदोष यांविषयी लिहावे असे तेव्हाच ठरवले होते. प्रत्यक्षात लिहायला जुळणी संपत येईपर्यंतचा, म्हणजे जवळजवळ वर्षाचा वेळ गेला.

मी जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या कारखान्यांच्या टूलरूममध्ये तीस वर्षे साचे दुरुस्त केले. जळगावची प्लास्टिकची चटई सर्वांना ठाऊक असते, पण दाण्यापासून वस्तू तयार होईपर्यंत साच्यात काय काय बिघडू शकते हे टूलरूमवाल्याला ठाऊक असते. त्यामुळे हे परीक्षण मॉडेल रेल्वेच्या जुन्या संग्राहकाचे नाही. साच्याच्या बाजूने वस्तूकडे पाहणाऱ्या आणि हा छंद निवृत्तीनंतर लागलेल्या माणसाचे ते आहे, हे वाचकाने लक्षात ठेवावे.

किट कोणत्या कंपनीचे, हे मी मुद्दाम लिहीत नाही. अशा स्टेशनांसाठी जर्मनीत तीन नावे प्रामुख्याने घेतली जातात. फालर ही हेर्मान आणि एडविन या फालर बंधूंनी १९४६ साली ब्लॅक फॉरेस्टमधल्या ग्यूटेनबाख गावी काढलेली कंपनी, किब्री ही १८९५ पासूनची आणि ब्योब्लिंगेनची, तर फोल्मर श्टुटगार्टची. यांपैकी किब्रीचे नाव आणि साचे २०१० च्या सुमारास, तर फोल्मरचे २०१४ साली व्हीसमान या कंपनीकडे गेले. माझ्याकडचे किट या तिघांपैकी एकाचे आहे. पण त्यात जे दोष आढळले, ते वयाचे, विक्रेत्याचे आणि काही अंशी माझे स्वतःचे आहेत, आणि एका नगावरून कंपनीला बोल लावणे आमच्या धंद्यात कधीच योग्य मानले गेले नाही.

जुना म्हणून विकला जाणारा माल खरोखर किती जुना आहे, हे खोकाच सांगतो. माझ्या खोक्याच्या बाजूला ‘वेस्ट जर्मनी’ असे छापलेले आहे, म्हणजे तो ऑक्टोबर १९९० च्या जर्मन एकीकरणापूर्वीचा. कंपनीच्या पत्त्यातला पिन कोड चार अंकी आहे. तिथे पाच अंकी कोड जुलै १९९३ मध्ये आले. एका कोपऱ्यात दुकानदाराने चिकटवलेली मार्कमधली किमतीची चिठ्ठी अजून शाबूत आहे. ही तपासणी करण्याचे कारण असे की यांतल्या अनेक इमारतींचे साचे अजून जिवंत असतात आणि त्यांतून अधूनमधून नवा माल निघत असतो. चालू कॅटलॉगमध्ये तीच इमारत नव्या खोक्यात मिळत असेल, तर केवळ जुन्या पुठ्ठ्यासाठी दुप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही. मात्र साच्याचा माणूस म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. साचा जितका चालतो तितक्या त्याच्या मिटणाऱ्या कडा झिजतात आणि झिजलेल्या फटीतून प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, म्हणजे फ्लॅश, बाहेर येऊ लागतो. सुरुवातीच्या काळात निघालेल्या मालाच्या कडा त्यामुळेच धारदार असतात, आणि जुने किट घेण्याचे माझ्या मते हेच एक पटण्यासारखे कारण आहे.

भाच्याने ते जुन्या खेळण्यांच्या एका आठवडी बाजारात ६५ युरोंना घेतले आणि कपड्यांच्या बॅगेत घालून आणले. टपालाने मागवण्याचा विचार आम्ही सोडून दिला होता, कारण खेळण्यांवरचे आयात शुल्क आपल्याकडे २०२० साली २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ साली ७० टक्के झाले आहे, आणि खोका फुटून आला तर दाद कोणाकडे मागायची हा प्रश्न वेगळाच. विक्रेत्याने किट ‘पूर्ण आणि न उघडलेले’ असल्याचे सांगितले होते. बाहेरची चिकटपट्टी न उघडलेली होती हे खरे. पण आत दोन धुरांडी आणि छपरावरची एक झरोक्याची खिडकी नव्हती, आणि तीसएक भाग रनरवरून, म्हणजे सुटे भाग जिला जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीवरून, आधीच कापून एका पिशवीत सुटे टाकलेले होते. कोणीतरी जुळणी सुरू करून सोडून दिलेली होती आणि नंतर कोणीतरी नवी चिकटपट्टी लावली होती. बाजारातला तो विक्रेता आता सापडायचा नाही. वाचकांना एवढेच सांगतो की चिकटपट्टीवर विश्वास ठेवू नये, खोका तिथेच उघडून माहितीपत्रकाशी ताडून घ्यावा. विक्रेता उघडू देत नसेल तर ते किट त्याच्याकडेच राहू द्यावे.

संग्राहकांमध्ये न जुळवलेल्या, शक्यतो न उघडलेल्या किटला जुळवलेल्या किटपेक्षा जास्त किंमत येते. मलाही हे भाच्याने बजावले होते आणि म्हणून पहिले पंधरा दिवस मी खोका मागच्या पत्र्याच्या खोलीतल्या माळ्यावर जपून ठेवला. जपण्याची ही कल्पना किती खुळेपणाची होती, हे मेमध्ये तो खाली काढला तेव्हा कळले. पॉलिस्टायरीन सुमारे १०० अंशांना मऊ पडते हे खरे, पण भार असेल आणि वेळ असेल तर त्याच्या बरेच खाली असतानाही ते हळूहळू वाकते, आणि आमच्याकडे मेमध्ये बाहेर ४५ अंश असताना पत्र्याखालच्या माळ्यावर किती असेल ते खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. खोक्यात छपराचे लांब तुकडे तळाशी आणि भिंतींचे जड रनर त्यांच्यावर, अशी रचना होती. छपराचा मधला तुकडा आधीच थोडा वाकलेला होता, तो आता केळीच्या पानासारखा दुमडला होता. काचेऐवजी वापरायचा पारदर्शक पत्रा पिवळसर पडला होता, पण तो माझ्या माळ्याने नव्हे, कित्येक वर्षे खोक्यात राहून. बंद खोक्यात वस्तू जशीच्या तशी राहते, हा समज प्लास्टिकच्या बाबतीत तरी सोडून द्यावा. आतला माल तिथेही म्हातारा होत असतो, फक्त आपण बघत नसतो.

आता मूळ वस्तूविषयी. दर्शनी बाजू जुळल्यावर मीटरभराची होते. मध्ये तीन कमानींचे उंच सभागृह, दोन्ही बाजूंना दुमजली पंख आणि टोकांना बुटके मनोरे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीत मोठ्या शहरांत बांधल्या गेलेल्या विटांच्या स्टेशनांचा हा नमुना आहे. एवढी लांब भिंत एका साच्यातून काढता येत नाही, म्हणून ती सात तुकड्यांत आहे, आणि इथे या साच्याच्या रचनाकाराला मी मनापासून नमस्कार केला. प्रत्येक दोन तुकड्यांचा जोड त्याने भिंतीतून पुढे आलेल्या चौकोनी खांबामागे लपवला आहे. खांब स्वतंत्र भाग म्हणून येतो आणि जोडावर झाकणासारखा बसतो. जुळलेल्या इमारतीवर जोड शोधायला मी आमच्या जुन्या टूलरूममधल्या मित्राला बोलावले होते. त्याला सहापैकी एकच सापडला, आणि तोही माझ्या हाताने डिंक जास्त झाल्यामुळे.

बाकी साचेकामही त्याच तोलाचे आहे. इजेक्टर पिनच्या, म्हणजे तयार भाग साच्याबाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांच्या, गोल खुणा सगळ्या आतल्या बाजूला ठेवल्या आहेत. गेट, म्हणजे प्लास्टिक भागात शिरते त्या जागा, भागाच्या दिसणाऱ्या कडेवर न ठेवता खालच्या, जमिनीत जाणाऱ्या कडेवर आहेत, त्यामुळे कापल्यावर घासले नाही तरी चालते. जिथे भिंत जाड आहे तिथे बाहेरून खळगा पडायला हवा होता, त्याला आम्ही सिंक मार्क म्हणतो; तो टाळण्यासाठी मागून जाडी पोखरून काढली आहे. कंगोऱ्यावरच्या दातांची एक ओळ मी भिंगाखाली पाहिली. प्रत्येक दात जेमतेम एक मिलिमीटरचा, आणि एकाचीही कड गोल झालेली नाही. संगणकावर साच्याचे चित्र काढण्याच्या आधीच्या काळात कोणीतरी हे पोलादात उतरवले आहे, हे मनात आले की हात आपोआप सावकाश चालतो.

मापाच्या बाबतीत मात्र खरेदीदाराने डोळे उघडे ठेवावेत. खोक्यावर एच-शून्य लिहिलेले आहे, म्हणजे १:८७ हे प्रमाण आणि १६.५ मिलिमीटरचा (दोन रुळांमधल्या अंतराचा) रूळ. हे नाव ‘अर्धे शून्य’ या अर्थाचे आहे, कारण ते शून्य नावाच्या जुन्या मोठ्या मापाच्या निम्मे आहे. ब्रिटिश किटे १:७६ ची असतात पण त्याच १६.५ मिलिमीटरच्या रुळावर चालतात, त्यामुळे दोन्ही एकत्र ठेवली की एकाची माणसे दुसऱ्याच्या दारात मावत नाहीत. हे किट एच-शून्यचे असले तरी सगळे १:८७ मध्ये नाही. व्हर्नियरने मोजले तर दाराची उंची २४ मिलिमीटर भरते, म्हणजे खऱ्या मापात दोन मीटरच्या थोडी वर. ती बरोबर आहे. पण वरच्या मजल्याची उंची ३२ मिलिमीटर, म्हणजे २.८ मीटर आहे, जी त्या काळच्या मोठ्या स्टेशनाला शोभणारी नाही. इमारत टेबलावर मावावी म्हणून मजले दाबलेले आहेत. विटांचे मात्र उलट झाले आहे. जर्मनीत १८७२ पासून प्रमाण ठरलेली वीट ६.५ सेंटिमीटर उंचीची, म्हणजे या मापात पाऊण मिलिमीटरची यायला हवी. किटमधली वीट एक मिलिमीटरची आहे. भिंत लहान आणि वीट मोठी, या विसंगतीमुळे जवळून पाहताना इमारत खेळण्यातली वाटते आणि चार फुटांवरून खरी. मला हे खटकले नाही, पण मापाचा आग्रह धरणाऱ्याने आधीच माहीत करून घ्यावे.

जुळणीला मी मेमध्येच हात घातला आणि तिथेच फसलो. या किटांचा डिंक म्हणजे खरे तर डिंक नसतोच. ते पॉलिस्टायरीन विरघळवणारे द्रावण असते, ज्याने दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकींत मिसळतात. बारीक ब्रशने ते सांध्याच्या एका टोकाला टेकवले की आपोआप दुसऱ्या टोकापर्यंत धावत जाते. आमच्याकडच्या उन्हाळ्यात ते अर्ध्या वाटेतच उडून जायचे. वरून चिकटल्यासारखे दिसणारे दोन मनोरे दुसऱ्या दिवशी हातात घेताच उघडले. कूलर लावून पाहिला, तर खिडक्यांना आतून लावायचे छापील कागदी पडदे उडून कूलरच्या गवताच्या जाळीत जाऊन अडकले, आणि सौ.ने ते चिमट्याने एकेक काढून दिले. त्यानंतर काम बंद केले ते थेट नोव्हेंबरमध्ये काढले. हिवाळ्यात पहाटे पाच ते आठ या वेळात तेच द्रावण इतके शिस्तीत वागले की माझा त्याच्यावरचा सगळा राग गेला. खानदेश, विदर्भातल्या वाचकांना माझी सूचना आहे की फेब्रुवारीनंतर ते उघडूच नये.

पारदर्शक तावदानांना हे द्रावण लावू नये, कारण एक थेंब पसरला की काच कायमची धुरकट होते. झटपट चिकटणारा डिंकही नको. त्याची वाफ काचेवर पांढुरकी साय धरते. साधा पांढरा फेव्हिकॉल काडीच्या टोकाने लावला तर तो वाळल्यावर दिसतही नाही. पिवळी पडलेली तावदाने मी सगळी टाकून दिली आणि शर्टाच्या खोक्यावरच्या पारदर्शक झाकणातून नवी कापली. अशी एकशे बारा तावदाने कापायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

या किटांचे प्लास्टिक रंगीत असते, म्हणजे न रंगवताही जुळवता येते, आणि त्यांच्या जाहिरातीचा भर यावरच असायचा. पण मूळ रंगाला खेळण्यासारखी चकाकी आहे आणि वीट एकसारखी लाल आहे. मी भिंती आधी मॅट रंगाने मारल्या आणि मग गवंडी विटांच्या सांध्यांत जसे दर्जे भरतो तसे दर्जे भरले. भिंतीची पुट्टी पाण्यात ताकासारखी पातळ केली, बोटाने विटांवर चोळली आणि अर्धवट वाळल्यावर ओलसर फडक्याने आडवी पुसून घेतली. विटांच्या पृष्ठावरची निघाली, सांध्यांतली राहिली. ही एक कृती या संपूर्ण कामातली सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत जास्त फळ देणारी ठरली. शेजारचे निवृत्त गार्डकाका अहिराणीत म्हणाले, “भाऊ, हाई खेयनं शे का खरंखुरं बांधकाम?” तेव्हा भिंतीला दर्जे भरून झाले होते, आदल्या आठवड्यात आले असते तर त्यांनी प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग विचारला नसता.

दिवे लावायचे असतील तर आधी भिंतींना आतून काळा रंग द्यावा लागतो, नाहीतर प्लास्टिकमधून प्रकाश झिरपून सगळी इमारत आकाशकंदिलासारखी उजळते. माहितीपत्रकात छोट्या तारेच्या बल्बांची जागा दाखवली आहे. बल्बच्या उष्णतेने छप्पर वाकू शकते, म्हणून मी पिवळसर एलईडी वापरले. घड्याळाच्या तबकड्या छापील कागदाच्या आहेत आणि त्यावर काटे कायमचे बारा वाजून पाच मिनिटांवर.

छपराचे तुकडे कसे सरळ केले, हे अनेकांना उपयोगी पडेल. हात बुडवता येणार नाही इतक्या गरम, पण उकळत्या नव्हे, अशा पाण्यात वाकलेला तुकडा दोन मिनिटे ठेवला, मग काचेच्या दोन जाड तुकड्यांमध्ये घालून वर पाटा-वरवंटा ठेवला आणि रात्रभर तसाच सोडला. पहिल्या खेपेस तो अर्धाच सरळ झाला, तिसऱ्या खेपेस पूर्ण. घाई करून पाणी उकळते घेतले असते तर कौलांची नक्षी सपाट झाली असती. हरवलेल्या झरोक्याच्या खिडकीसाठी शिल्लक खिडकीवर सिलिकॉन रबर ओतून लहान साचा केला आणि त्यात रेझिन ओतून जुळी खिडकी काढली. तीस वर्षे दुसऱ्यांचे साचे दुरुस्त केले, पण पूर्णपणे स्वतःचा म्हणावा असा साचा हा पहिलाच, आणि तो काडेपेटीएवढा.

आपल्या पद्धतीचे रेल्वे दृश्य उभारू पाहणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा आहे आणि १:८७ मध्ये तो १९.३ मिलिमीटर होतो, १६.५ चा रूळ युरोपच्या १४३५ मिलिमीटर गेजसाठी आहे, त्यामुळे भारतीय गाडीखाली तो थोडा अरुंद दिसतो. दुसरे म्हणजे फलाट. जुने जर्मन फलाट रुळापासून ३८ सेंटिमीटर उंच असत, आपले उंच फलाट ७६ ते ८४ सेंटिमीटर असतात. किटमधला फलाट या मापाने पाचएक मिलिमीटरने कमी पडतो आणि आपला डबा त्यापुढे उभा केला तर प्रवाशाला उडी मारावी लागेल असे दिसते. नातवाने स्टेशनला ‘भुसावळ’ नावाची पिवळी पाटी लावण्याचा हट्ट धरला होता. मी ती लावली नाही. या मनोऱ्यांना आणि उतरत्या छपरांना ते नाव शोभत नाही. त्याऐवजी पाचोरा-जामनेर मार्गावरचे एखादे लहान स्टेशन मुळापासून घरीच करायचे मी त्याला कबूल केले आहे. ५६ किलोमीटरची ती ‘पीजे’ २०२० पासून बंद आहे, पण तिचा ७६२ मिलिमीटरचा गेज या मापात जवळजवळ ९ मिलिमीटर येतो आणि तसा रूळ बाजारात मिळतो.

मग हे किट घ्यावे का? जुळवायचे असेल तर अवश्य घ्यावे, आणि ६५ युरो मला महाग वाटले नाहीत. साचेकाम उत्तम आहे, माहितीपत्रकातली चित्रे जर्मन न येणाऱ्यालाही कळतात, आणि दोष जवळजवळ सगळे साठवणुकीतले आहेत. हरवलेल्या भागांसाठी किमतीत घासाघीस मात्र करावी. पहिलेच किट म्हणून घेऊ नये. आधी एखादी लहान सिग्नल केबिन किंवा गुदाम जुळवून हात बसू द्यावा. आणि गुंतवणूक म्हणून बंद ठेवण्यासाठी, तेही आपल्या हवामानात, मुळीच घेऊ नये. माझ्या छपराला जे पंधरा दिवसांत झाले ते दुसऱ्याच्या माळ्यावर पंधरा वर्षांत होईल, एवढाच फरक.

माझ्या स्टेशनचे काम अजून पूर्ण झालेले नाही. फलाटावरच्या लांब छत्रीचे अठरा खांब उभे करून ठेवले आहेत, पण यंदा मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातच पारा ४० च्या वर गेला, त्यामुळे द्रावणाची बाटली फ्रिजमध्ये आहे आणि छत्री दिवाळीनंतर बसेल.